दत्तूभाईंची लाल रेघ

गाडी दत्तूभाईंकडे न्यायच्या आदल्या संध्याकाळी मी बॉनेट उघडून इंजिनाच्या पाण्याच्या बाटलीत नळाचं पाणी घातलं, बरोबर लाल रेघेपर्यंत, आणि दुसऱ्या दिवशी त्यांनी विचारलं तेव्हा सांगितलं, "छे, मी हातसुद्धा लावलेला नाही."

एवढंच केलं. माझ्या मूर्खपणांची यादी तशी भरगच्च आहे. पुतण्याच्या साखरपुड्याला म्हणून मी शेजारच्या हॉलमध्ये शिरून, जेवून, परक्या यजमानांना "श्रीखंड छान झालंय" असं सांगून, अहेराचं पाकीटही देऊन आलेलो आहे. ते सगळं मी चारचौघांत रंगवून सांगतो. लोक हसतात, मलाही बरं वाटतं. ही बाटलीची गोष्ट मात्र मी बायकोखेरीज कुणाला सांगितली नव्हती. हिच्यात हसायची जागा कुठे आहे ते अजून शोधतोय.

दत्तूभाई म्हणजे दत्तात्रय मोहिते. बडोद्यात माणूस साताऱ्याहून आलेला असो की सांगलीहून, चार वर्षांत त्याचा भाई होतो, तसे तेही झाले. आधी एका कारखान्यात पंपांवर फिटर होते. तिथून निवृत्त झाल्यावर छाणीला घराच्या पुढच्या मोकळ्या जागेत पत्रे टाकून त्यांनी गॅरेज काढलं. गॅरेजला नाव नव्हतं, पाटी नव्हती. समोर सिमेंटचा एक ठेंगणा चढ बांधलेला होता, गाडीचं तोंड वर करून उभी करण्यापुरता. लोक पत्ता सांगताना म्हणायचे, "पेलो ढाळवाळो मिकेनिक," म्हणजे तो चढावाला मेकॅनिक.

आमच्या घराण्यात कुणी कधी हात काळे केलेले नाहीत. पणजोबा संस्थानच्या दप्तरात होते, आजोबा त्याच दप्तरात, वडील कचेरीत, मी विम्याच्या ऑफिसात. चार पिढ्या आम्ही फक्त सह्या केल्या. त्यामुळे दत्तूभाईंनी पहिल्याच भेटीत "हात लावा" म्हटलं तेव्हा मी खिशातून रुमाल काढला.

"रुमाल कशाला? पूजा करायचीय का?"

त्यांची पद्धत अशी. गाडी आली की बॉनेट लगेच उघडायचं नाही. गाडी चालू ठेवून मालकाला गप्प बसवायचं, आपण शेजारच्या सीटवर बसायचं आणि डोळे मिटायचे. दहा मिनिटं. बाहेर मे महिना असला तरी हीटर पूर्ण लावायचा. गुजराती गिऱ्हाईक घामाघूम होऊन म्हणायचं, "दत्तूभाई, एसी बताववा आव्यो छुं, हीटर नहीं!" की हे डोळे न उघडता म्हणायचे, "बेसो ने. नाडी जोउं छुं." बसा हो, नाडी बघतोय.

हीटर म्हणजे गाडीची नाडी, हे त्यांचं ठाम मत. इंजिन तापतं, ते गार ठेवायला पाणी फिरतं, आणि तेच गरम पाणी दोन रबरी पाइपांतून हीटरकडे जाऊन परत येतं. दोन्ही पाइप सारखे गरम, तर पाणी फिरतंय. एक गरम आणि एक गार, तर कुठेतरी अडलंय. एवढं सांगून ते गिऱ्हाइकाचा हात धरून त्या पाइपांवर ठेवायचे. शेठ असो, डॉक्टर असो, सुटका नाही.

"बडोद्यात हीटर कोण लावतं, दत्तूभाई?" मी एकदा विचारलं.

"म्हणूनच बडोद्यात इंजिनं जास्त जळतात."

मग त्यांनी मला समजावलं. गाडी पळताना पंप जोरात फिरतो. पाणी कमी असलं, आत हवा असली, तरी ढकललं जातं आणि हीटर गरम येतो. सिग्नलला थांबलं की पंप मंदावतो. हीटर उंचावर, तिथवर पाणी चढत नाही, मग गार वारा. "तुमच्या सोसायटीत तिसऱ्या मजल्यावर पाणी कधी येत नाही? प्रेशर कमी असतं तेव्हा. तळमजल्यावाल्याला पत्ताही नसतो. तसं हे." आणि मग ते त्यांचं नेहमीचं वाक्य: "पळताना कुणीही गरम राहतं, जयंता. उभं असताना कसं आहे ते बघायचं."

हे मी घरी येऊन वैशालीला, म्हणजे माझ्या बायकोला, मोठ्या कौतुकानं सांगितलं. ती म्हणाली, "तुमचं उलट आहे. तुम्ही पळतानाही गार."

आत अडकलेली हवा काढायला तो चढ. गाडीचं तोंड वर, बाटलीचं झाकण उघडं, इंजिन चालू, आणि दत्तूभाई एका हातानं तो परतीचा पाइप दाबताहेत, सोडताहेत, दाबताहेत. तोंडानं काहीतरी पुटपुटताहेत. तान्ह्या बाळाला दूध पाजून खांद्यावर घेतल्यावर बाई जशी पाठ थोपटते, अगदी तसं. बाटलीत एकदम बुडबुड करून मोठा बुडबुडा फुटायचा, आणि ते आतल्या घराकडे तोंड करून ओरडायचे, "आला गं!"

आतून सुमनकाकू विचारायच्या, "ढेकर की पाहुणा?"

"ढेकर!"

"मग चहा दोनच टाकते."

हवा पूर्ण निघाली की नाही, हे त्यांना डोळ्यांनी कळायचं नाही, हातानं कळायचं. परतीच्या पाइपात गरमी सरकत सरकत येते, म्हणायचे, मांजर अंथरुणात शिरतं तशी. ती शेवटपर्यंत आली की झालं. त्यांचा अंगठा आणि पहिलं बोट, नखांत कायमचं काळं, हेच त्यांचं मशीन.

आणि लाल रेघ. काम झालं, इंजिन पूर्ण गार झालं, की बाटलीवर पाण्याच्या पातळीला ते नखाला लावायच्या रंगानं एक बारीक रेघ ओढायचे. बाटलीवर कंपनीची खूण असते, पण ती त्यांना मान्य नव्हती. "ती कंपनीची. ही तुझ्या गाडीची." तो रंग आणायला ते स्वतः मांडवीत बांगड्यांच्या दुकानात गेले होते. दुकानदारानं विचारलं, "काका, कयो कलर? काकी गोरां छे?" यांनी सांगितलं, "कलर गमे ते चालशे. गरमीमां ऊखडे नहीं एवो आपो." रंग कुठलाही द्या, उष्णतेनं निघणार नाही असा द्या. ती बाई कोण असेल या विचारात तो दुकानदार अजून पडलेला असेल. सुमनकाकूंची वेगळीच तक्रार. "लग्नाला चाळीस वर्षं झाली. मला एक बाटली आणली नाही. गाड्यांना नटवतात."

रेघेबरोबर अट यायची. दर रविवारी सकाळी, इंजिन गार असताना, रेघ बघायची. पाणी रेघेला असेल तर चहाला या. खाली गेलं असेल तर गाडी घेऊन या. आणि काही झालं तरी स्वतः पाणी घालायचं नाही. "पाणी कुठे जातंय ते मला पाणीच सांगतं. तुम्ही वरून घातलंत की ते मुकं होतं."

जो रेघ बघत नसे त्याची धडगत नव्हती. एका बिल्डरला त्यांनी माझ्या देखत परत पाठवलं होतं. तो म्हणाला, "टाइम नथी मळतो, दत्तूभाई." हे म्हणाले, "तो मने पण नथी मळतो." मलाही वेळ मिळत नाही. आणि खरोखर खुर्ची उचलून आत निघून गेले. बिल्डर दहा मिनिटं चढाकडे बघत उभा होता.

आता माझ्याकडे येतो. मी पहिले दोन महिने रेघ बघितली. मग एका रविवारी पाहुणे होते, एका रविवारी क्रिकेट होतं, आणि पुढचे सात-आठ महिने रविवार यायचेच बंद झाले. डिसेंबरच्या सुरुवातीला एका पहाटे गाडी काढली, गुडघे आखडले होते म्हणून हीटर लावला. रस्त्यावर गरम. सिग्नलला गार. पुन्हा निघालो, गरम. पुढच्या सिग्नलला गार. इतकं शिकवलेलं होतं की मला घरी जाऊन बॉनेट उघडायचीही गरज नव्हती. तरी उघडलं. पाणी रेघेच्या चार बोटं खाली.

मी छप्पन्न वर्षांचा होतो. मुलगी नोकरीला होती. आणि मला बिल्डरसमोरून उचललेली ती खुर्ची दिसली. दाताच्या डॉक्टरकडे जाण्यापूर्वी माणूस जसे दोनदा दात घासतो, तसं मी स्वयंपाकघरातून तांब्या आणला.

त्या गाडीला पाणी घालायची जागा ती बाटली, एवढीच. बाटली भरली, पण आत शिरलेली हवा आतच राहिली. दुसऱ्या दिवशी दत्तूभाईंनी दहा मिनिटं डोळे मिटले, मग बॉनेट उघडून आधी रेघ बघितली. पाणी बरोबर रेघेला. चेहऱ्यावर शाबासकी. "रेघ बघतोस म्हणायचं." मी मान डोलावली. "मध्ये कधी पाणी घातलं नाहीस ना?" तेव्हा मी ते वाक्य बोललो.

त्यांनी पाइप दाबले. एक गरम, एक गार. चढावर घेऊन हवा काढली. बुडबुडा फुटला, पण ते "आला गं" ओरडले नाहीत. झाकण हातात धरून उभे राहिले. "पाणी कमी नाही. मग हवा आली कुठून?" पंपाच्या खाली बोट फिरवून बघितलं. म्हणाले, "कोरडा." मग थोड्या वेळानं, माझ्याकडे न बघता, "मागच्या वेळी माझ्याकडूनच राहिली असणार."

हे वाक्य मी ऐकलं. तेव्हाच तोंड उघडायला हवं होतं. मी चहा प्यायलो.

तीन आठवड्यांनी पुन्हा तेच. सिग्नलला गार. पुन्हा पाणी खाली. आणि खोटं एकदा बोललं की त्याची देखभाल करावी लागते, गाडीसारखीच. मी पुन्हा तांब्या आणला. या वेळी त्यांनी उलट्या दिशेनं पाणी सोडून हीटर धुऊन काढला. स्वच्छ पाणी बाहेर आलं, गंजाचा कण नाही. इंजिनाचं पाणी सोडणारी-अडवणारी ती झडप काढली, आणि सुमनकाकूंच्या दुधाच्या पातेल्यात उकळायला ठेवली. दोघं नवरा-बायको गॅसपाशी वाकून बघताहेत, झडप कधी उघडते. ती बरोबर वेळेला उघडली. काकू म्हणाल्या, "ही तर शहाणी आहे. आता दूध कशात तापवू?" दत्तूभाई हसले नाहीत. हवा काढताना ते पाइप एका हातानं धरायचे, मग दुसऱ्या, मग पुन्हा पहिल्या. मधेच पाइप सोडून बोटं गालाला लावून बघायचे.

तेव्हा काकूंनी मला दाराशी गाठून हळूच सांगितलं, "साखर वाढलीय त्यांची. बोटं बधिर होतात म्हणतात. परवा तव्याला हात लागला, फोड आला तेव्हा कळलं. गॅरेजात कुणाला सांगू नकोस." मी म्हटलं, नाही सांगणार. गुपितं ठेवण्यात मी तेव्हा पटाईत झालो होतो.

तिसऱ्यांदा गेलो ते उत्तरायणाच्या, म्हणजे संक्रांतीच्या, नंतर. तारांवर पतंग लटकत होते. त्यांनी रेघ बघितली. पाणी रेघेला. डोळे मिटून बसले. सिग्नलसारखी गाडी जागेवर उभी, हीटरमधून गार वारा त्यांच्या चेहऱ्यावर. दहा मिनिटांची वीस झाली. मग त्यांनी स्वतः हात घालून किल्ली फिरवली.

"जयंतराव," ते म्हणाले. ते मला जयंतराव कधीच म्हणत नसत. "रेघ जागेवर आहे, म्हणजे गळत नाही. गळत नाही, म्हणजे हवा बाहेरून येत नाही. म्हणजे ती मी काढतच नाहीये. मला पाइप गरम लागतो आणि तो झालेला नसतो. तुम्ही गाडी दुसरीकडे दाखवा."

"अहो, त्यात काय, पुन्हा एकदा काढून बघा..."

"ज्याच्या हाताला कळत नाही त्यानं बॉनेट उघडू नये."

एवढं बोलून ते उतरले. मला वाटलं, रागावलेत, आठ दिवसांत विसरतील. पंधरा दिवसांनी तिकडून गेलो तर पत्र्यांना कुलूप. महिन्यानं चढ फोडलेला, आणि तिथे गाड्यांची सीटकव्हरं विकणाऱ्याला जागा भाड्यानं दिलेली.

माझी गाडी मी पाणीगेटच्या एका गॅरेजात नेली. तिथले इम्रानभाई चाळिशीचे, बोलायला मोकळे. त्यांनी बाटलीच्या तोंडाला एक छोटा हातपंप लावून आत हवेचा दाब भरला. पाच मिनिटांत इंजिनाच्या पंपाखाली एक थेंब जमला. थांबला. पडला. दाब असला तरच गळायचं, आणि तापल्या इंजिनावर लगेच वाळून जायचं. खाली नुसता पांढरट खार. थेंबाकडे बघत त्यांनी विचारलं, "काका, आमां पाणी कोण नाखे छे?" यात पाणी कोण घालतं?

"मीच."

"ते तमारा मिकेनिकने कह्युं हतुं?" हे तुमच्या मेकॅनिकला सांगितलं होतं का?

मी म्हटलं, "पंप बदलून टाका."

पंप बदलला, हीटर सुधारला, सिग्नलला गरम वारा येऊ लागला. प्रत्येक सिग्नलला. बडोद्यात किती सिग्नल आहेत ते मला त्या दिवसांत कळलं.

मी अजूनही स्वतःशी भांडतो. त्या दिवशी त्यांनी पंपाखाली बोट फिरवलं आणि "कोरडा" म्हणाले, तेव्हा तिथला खार त्यांना बोटानं कळला नाही, की रेघ जागेवर आहे म्हटल्यावर त्या बोटानं नीट शोधलंच नाही? पहिलं खरं असेल तर मी थोडा सुटतो. म्हणून मला ते पहिलं फार आवडतं.

सांगायला मात्र जात नव्हतो. एकदा छाणीपर्यंत गेलो, हिरवे वाटाणे घेऊन परत आलो. एकदा त्यांच्या गल्लीच्या तोंडाशी गाडी वळवली. घरी वैशालीला हे सगळं माहीत होतं. ती म्हणाली, "आपण वर्षभर वाटाणेच खायचे का?"

शेवटी मे महिन्यात गेलो. सीटकव्हरवाल्याच्या दुकानामागे त्यांचा ओटा, तिथे झोपाळ्यावर दत्तूभाई बसले होते. पांढरा लेंगा, धुतलेली बंडी. मी आधी त्यांच्या हातांकडे बघितलं. नखं स्वच्छ होती. एकाही नखात काळं नव्हतं. सगळ्यात जास्त मला तेच लागलं.

सुमनकाकूंनी ताक आणून दिलं आणि त्या दारातच उभ्या राहिल्या. मी सांगायला लागलो. सवयीनं सुरुवात गमतीनं केली, बिल्डर, दाताचा डॉक्टर, तांब्या. कुणी हसलं नाही. मग सरळ सांगितलं. पाणी मी घातलं. तिन्ही वेळा. पंप गळत होता. हवा तुम्ही पूर्ण काढत होतात, ती नवीन शिरत होती. तुमचा हात बरोबर होता.

झोपाळा थांबला.

"तिन्ही वेळा?"

"हो."

"नळाचं?"

"हो."

"नळाचं," ते काकूंना म्हणाले, जणू मुख्य गुन्हा तोच. "आत सगळा खार बसला असेल." समोर सीटकव्हरवाला कुणाला तरी वेलवेट दाखवत होता. दत्तूभाई स्वतःचा अंगठा बोटावर घासत होते, सावकाश, नाणं पारखल्यासारखा.

"माझ्यामुळे तुम्ही गॅरेज..." मी म्हणालो.

"तुझ्यामुळे कशाला? हात साखरेनं गेले." त्यांनी बोटं उघडून बघितली. "पण थोडे उरले होते."

काकू पटकन आत वळल्या. मी ताकाच्या पेल्याकडे बघत राहिलो.

"गाडी आणलीयेस?"

"हो."

ते उठले. उन्हात, डोक्याला काही न घेता, गल्लीच्या तोंडाशी लावलेल्या गाडीपर्यंत चालत आले. "सुरू कर. हीटर पूर्ण." शेजारी बसले आणि डोळे मिटले. भर मे महिन्यात आम्ही दोघं काचा बंद करून, हीटर लावून दहा मिनिटं बसलो. माझ्या पाठीवरून घाम ओघळत होता. त्यांच्या चेहऱ्यावर मात्र मला खूप दिवसांनी तो जुना माणूस दिसला, नाडी बघणारा. सीटकव्हरवाला आणि त्याचं गिऱ्हाईक बाहेर येऊन आमच्याकडे बघत होते.

मग ते उतरले, बॉनेट उघडलं. बाटलीवरची लाल रेघ अजून जागेवर होती, फिकी झालेली. पाणी रेघेला होतं, या वेळी खरोखरच. त्यांनी अंगठ्यानं रेघेवरची धूळ पुसली. मग दोन्ही हात आत घालून ते दोन पाइप धरले, एक उजव्या हातात, एक डाव्या. दाबले, सोडले. हातांची अदलाबदल केली. पुन्हा दाबले. कान देऊन ऐकावं तसे वाकून उभे राहिले, किती वेळ कोण जाणे. त्यांच्या भुवईवरून घामाचा थेंब इंजिनावर पडला आणि चर्र करून उडाला.

त्यांनी हात काढून घेतले.

"तू लाव हात," मला म्हणाले. मी लावला. रुमाल न काढता. चटका बसला.

"दोन्ही सारखे आहेत?"

"दोन्ही सारखे," मी म्हणालो. "दोन्ही कडकडीत गरम."

दत्तूभाईंनी माझ्याकडे बघितलं. मग घराकडे वळून, पूर्वी "आला गं" म्हणायचे त्याच आवाजात ओरडले:

"सुमन, जरा बाहेर येऊन इथे हात लाव. हा खोटं बोलतो."